अकरा चमचे, बारावा नाही: घरच्या हॉट टबमधील क्लोरीन आणि स्टॅबिलायझरचा हिशेब

यावल तालुक्यातील आपल्या शेतघरी ११०० लिटरचा हॉट टब आहे आणि दिवाळीपासून आपण त्यात रोज सायंकाळी एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ६ ग्रॅम, दाणेदार क्लोरीन टाकत आला आहात. तपासपट्टी दर वेळी ३ ते ४ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन दाखवते. तरीही गेल्या तीन आठवड्यांपासून पाणी दुधाळ दिसते, संक्रांतीला टबमध्ये बसलेल्या आपल्या भाच्याच्या पाठीवर आणि मांड्यांवर दोन दिवसांनी लाल पुळ्या उठल्या, आणि रसायने देणाऱ्या दुकानदाराने "स्टॅबिलायझर कमी पडले असेल, तेही टाका" असे सांगितले. क्लोरीन बरोबर असताना असे का झाले आणि स्टॅबिलायझर किती टाकावे, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई आहे. स्टॅबिलायझरचा एक कणही टाकू नये. आपल्या पाण्यात ते आजच गरजेच्या सहा-सात पट साचलेले असणार. पाणी बदलेपर्यंत टबमध्ये कोणी बसू नये आणि जेट चालवून त्याच्या वाफेजवळ उभेही राहू नये. भाच्याच्या पुळ्या पाण्यातील स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूमुळे आल्या असण्याची दाट शक्यता आहे. असे पुरळ टबमध्ये बसल्यानंतर काही तासांपासून काही दिवसांपर्यंत उठते, पोहण्याच्या ओल्या कपड्याखाली जास्त उठते आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरते. तरीही ताप असल्यास किंवा पुळ्यांत पू धरल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि टबमध्ये बसल्याचे आवर्जून सांगावे, कारण आपल्या भागात डॉक्टरांच्या मनात ही शक्यता सहज येणार नाही.

आता पहिला प्रश्न. आपल्या डब्याच्या मागच्या बाजूला सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट किंवा एसडीआयसी असे नाव असेल; थोडक्यात त्याला डायक्लोर म्हणतात. या पदार्थात उपलब्ध क्लोरीन सुमारे ५६ टक्के असते आणि वजनाचा जवळजवळ निम्मा भाग सायन्युरिक आम्लाचा असतो. (दोन्हींची बेरीज शंभरावर जाते म्हणून गोंधळू नये, 'उपलब्ध क्लोरीन' हे निर्जंतुकीकरणाची ताकद मोजण्याचे एकक आहे, तो वजनातला वाटा नव्हे.) हे सायन्युरिक आम्ल म्हणजेच दुकानदार ज्याला स्टॅबिलायझर किंवा कंडिशनर म्हणतात ते. म्हणजे आपण स्टॅबिलायझर वेगळे कधीच टाकले नाही असे आपल्याला वाटत असले, तरी दिवाळीपासून रोज अर्धा चमचा तेच टाकत आला आहात.

क्लोरीन खर्च होते. घाम, तेल, त्वचेचा मळ आणि जंतू यांच्याशी झुंजताना ते संपते आणि दुसऱ्या दिवशी नवीन टाकावे लागते. सायन्युरिक आम्ल मात्र व्यवहारात संपत नाही. ते उडून जात नाही आणि गाळणीत अडकत नाही. टबच्या पाण्यात त्याचे विघटन इतके सावकाश होते की हिशेबात धरू नये. ६ ग्रॅम चमच्यात ते ३ ग्रॅम असते आणि ११०० लिटर पाण्यात त्याने २.७५ पीपीएमची भर पडते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे ७५ दिवस धरले, तर ही भर २०० पीपीएमच्या वर जाते. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याची आपण वरून भरपाई केली, पण आम्ल टबमध्येच राहिले. पाहुणे आले की आपण दोन-तीन चमचे जादा टाकत असाल, तर आकडा आणखी वर असेल.

या आम्लाचे काम क्लोरीनला धरून ठेवण्याचे आहे. उघड्या जलतरण तलावात भर उन्हात स्टॅबिलायझर नसेल, तर सूर्याच्या अतिनील किरणांनी पाऊण तासाच्या आसपास निम्मे क्लोरीन नष्ट होते. सायन्युरिक आम्लाशी बांधलेले क्लोरीन उन्हात टिकते आणि पाण्यातील मोकळे क्लोरीन खर्च होईल तसतसे त्यातून थोडे थोडे सुटे होत राहते. तलावासाठी ही सोय उत्तम आहे. पण जंतू मारण्याचे काम बांधलेले क्लोरीन करत नाही, ते मोकळे हायपोक्लोरस आम्ल करते. ३० पीपीएम स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यातही ३ पीपीएम क्लोरीनचा अगदी थोडा अंश कोणत्याही क्षणी मोकळा असतो. तो अंश पुरतो, कारण मोकळे क्लोरीन फार प्रखर असते. स्टॅबिलायझर २०० झाले आणि क्लोरीन ३ च राहिले, तर तो अंश आणखी सहा-सात पटींनी घटतो. गरम पाण्यात हे बंधन थोडे सैल होते हे खरे, परंतु त्याच गरम पाण्यात जंतूही जोमाने वाढतात, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पट्टी खोटे बोलत नव्हती, ती अर्धेच सांगत होती. आपल्याकडील पट्टीवरचा क्लोरीनचा चौकोन बांधलेले आणि मोकळे असे दोन्ही क्लोरीन मिळून आकडा दाखवतो, कारण तपासणीचे रसायन मोकळे क्लोरीन खाऊ लागले की बांधलेले लगेच सुटे होऊन त्याची जागा घेते. तिजोरीत पैसा आहे, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, अशी ही स्थिती असते. म्हणून माझा आग्रह असा आहे की क्लोरीनचा आकडा स्टॅबिलायझरच्या आकड्याशिवाय वाचूच नये. घरच्या हॉट टबमध्ये क्लोरीन हे स्टॅबिलायझरच्या किमान दहा टक्के असावे, आणि माणसे बसणार असतील त्या वेळी पंधरा-वीस टक्के असावे. स्टॅबिलायझर ३० असेल तर ३ ते ६ पीपीएम क्लोरीन पुरते. आपल्या आजच्या पाण्याला हाच नियम लावला तर २० पीपीएम लागेल, आणि तेवढ्या क्लोरीनच्या पाण्यात मी स्वतः बसणार नाही, दुसऱ्याला बसवणार नाही.

येथे एक मतभेद प्रामाणिकपणे नोंदवतो. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था हॉट टबसाठी किमान ३ पीपीएम मुक्त क्लोरीन (म्हणजे पट्टी मोजते ते, स्टॅबिलायझरला बांधलेले धरून), ७.० ते ७.८ पीएच आणि ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नाही असे तापमान सांगते, आणि सायन्युरिक आम्ल असलेले क्लोरीन हॉट टबमध्ये वापरू नये अशीच तिची शिफारस आहे. हॉटेल, जिम, रिसॉर्ट अशा ठिकाणी, जिथे अनोळखी माणसे एकामागून एक बसतात, तिथे मी ही शिफारस जशीच्या तशी पाळतो. घरच्या टबला मात्र मी ३० पीपीएमपर्यंत मोकळीक देतो. स्टॅबिलायझर अजिबात नसेल तर गरम, खळाळत्या पाण्यातून क्लोरीनचा उग्र वास वर येतो, झाकणाचा आतला भाग आणि डोके टेकण्याच्या गाद्या लवकर खराब होतात आणि पोहण्याचे कपडे विटतात. ३० पीपीएम ही धार थोडी बोथट करते. ५० पर्यंत मी खपवून घेतो. त्यापुढे पाणी बदलतो.

स्टॅबिलायझर मोजायचे कसे, यावर थोडे थांबणे भाग आहे, कारण बहुतेकांची चूक येथेच होते. पट्टीवरचा त्याचा चौकोन नारिंगीपासून किरमिजीपर्यंतच्या छटांचा असतो आणि १०० च्या वर तो जवळजवळ एकसारखाच दिसतो. त्याऐवजी मेलामाइनची गढूळपणा तपासणी घ्यावी. टबचे पाणी आणि रसायन सारख्या प्रमाणात मिसळले की ते दुधाळ होते, आणि नळीच्या तळाशी असलेला काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत हे मिश्रण नळीत ओतायचे असते. नमुना टबमधून काढल्या काढल्या तपासू नये. पेला सावलीत ठेवून तो खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांच्या आसपास येऊ द्यावा, नाहीतर आकडा कमी येतो आणि आपली समजूत होते की सारे ठीक आहे. तपासणी मोकळ्या उजेडात, नळी कमरेजवळ धरून, सूर्याकडे पाठ करून करावी. ठिपका १०० च्या खुणेआधीच दिसेनासा झाला, तर नमुन्यात तेवढेच साधे नळाचे पाणी मिसळून पुन्हा तपासावे आणि आलेला आकडा दुप्पट धरावा. तरीही आवाक्याबाहेर राहिला तर एक भाग टबचे पाणी आणि तीन भाग नळाचे पाणी घेऊन चौपट करावा. आपल्याला असेच करावे लागेल असा माझा अंदाज आहे.

क्लोरीनसाठी गावातील जलसुरक्षक वापरतात तो ओटी (ऑर्थोटोलिडीन) संच आपल्याकडे असेल तर तो बाजूला ठेवावा. नळाच्या पाण्यात ०.२ पीपीएम क्लोरीन उरले आहे की नाही हे पिवळ्या रंगावरून पाहण्यासाठी तो पुरेसा आहे. टबमध्ये मात्र तो मुक्त क्लोरीन आणि घामातील अमोनिया-युरियाशी जोडले गेलेले निरुपयोगी क्लोरीन यांत फरक करत नाही. मुक्त क्लोरीन गुलाबी रंगाने वेगळे दाखवणारा डीपीडी संच घ्यावा, जमल्यास थेंब मोजून रंग घालवण्याच्या पद्धतीचा. डीपीडीच्या रंग जुळवण्याच्या पद्धतीत एक खोच आहे: क्लोरीन फार जास्त झाले, साधारण १० पीपीएमच्या पुढे, तर गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि पाणी रंगहीन राहते. माणसाला वाटते क्लोरीन शून्य आहे, आणि तो आणखी टाकतो. रंगाची क्षणिक झलक दिसून गेली तर नमुना पातळ करून पुन्हा पाहावा.

आपल्या टबचे पाणी पूर्ण काढावे. निम्मे काढून निम्मे भरण्याचा मोह होईल. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावांत तो होणे स्वाभाविक आहे. पण हिशेब पाहा. एकदा निम्मे बदलले तर २०० चे १०० होतात, दुसऱ्यांदा ५०, तिसऱ्यांदा २५. म्हणजे दीड टब पाणी खर्च करून जे मिळते, त्याहून चांगले एका टबात मिळते. पाण्याची बचत पाणी पूर्ण बदलण्यातच आहे. शिवाय आपल्या बाबतीत पाइपच्या आतील चिकट थर, ज्याला बायोफिल्म म्हणतात, तोही काढला पाहिजे. पुळ्या उठवणारे जिवाणू त्या थरात दडून बसतात आणि नवीन पाण्यात दोन दिवसांत उतरतात. पाणी काढण्याआधी बाजारात मिळणारे पाइप साफ करण्याचे द्रावण टाकून, त्याच्या डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत सर्व जेट चालवावेत. वर तपकिरी फेस आणि पापुद्रे आले तर घाबरू नये, त्यासाठीच ते टाकलेले असते. गाळणीची काडतुसे नवीन घ्यावीत. ही सारी कामे करताना तोंडावर चांगला मास्क असावा आणि वाफेवर वाकू नये. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोव्हनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात नमुना म्हणून मांडलेल्या गरम पाण्याच्या टबमधून उडालेल्या तुषारांमुळे लिजिओनेला या जिवाणूचा न्यूमोनिया पसरला आणि सुमारे ३० जण दगावले. त्यांतील लोक टबमध्ये उतरलेले नव्हते, जवळून चालत गेले होते. म्हणून हॉट टबकडे मी केवळ पाणी म्हणून पाहत नाही, तुषारांचे यंत्र म्हणून पाहतो. नळाच्या पाण्याला ०.२ पीपीएम पुरते आणि टबला ३ का लागते, याचेही उत्तर यातच आहे.

नवीन पाणी भरताना बोअरच्या पाण्याची कठीणता एकदा मोजून घ्यावी. आपल्याकडचे बोअरचे पाणी किती क्षार सोडते हे केळीच्या ठिबक नळ्यांना ॲसिड ट्रीटमेंट देणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तोच पांढरा थर टबच्या हीटरवर बसतो आणि तिथे ॲसिड ट्रीटमेंट इतकी सोपी नसते. १५० ते २५० पीपीएम कठीणता चांगली. ४०० च्या वर असेल तर अर्धे पाणी सॉफ्टनरचे किंवा आरओचे घ्यावे.

त्यानंतर क्षारता, म्हणजे अल्कलिनिटी, पीएच सहज बदलू न देण्याची पाण्याची ताकद. जेटच्या खळखळाटाने पाण्यातील कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच आपोआप वर चढतो. क्षारता जितकी जास्त तितका हा चढ वेगवान. पीएच ७.५ च्या आसपास असताना मोकळ्या क्लोरीनपैकी निम्मे हायपोक्लोरस आम्लाच्या प्रखर रूपात असते, ८ ला ते पावावर येते. आजवर आपल्याला हा त्रास जाणवला नसेल, कारण डायक्लोर स्वभावाने किंचित आम्लधर्मी आहे आणि ते पीएचला खाली ओढत होते. पुढे, खाली सांगतो तसे, द्रव क्लोरीनवर गेल्यावर ही ओढ राहणार नाही. म्हणून सोडियम बायसल्फेट ही आम्लधर्मी पावडर थोडी थोडी टाकून, मध्ये मध्ये जेट चालवून क्षारता ५० ते ६० पीपीएमवर आणावी आणि पीएच ७.४ ते ७.६ वर ठेवावा. हे एका दिवसात होत नाही, दोन-तीन दिवस लागतात. हॉट टबच्या सर्व कामांत हे सर्वात कंटाळवाणे आणि सर्वात फायद्याचे काम आहे.

आता तो डायक्लोरचा डबा. तो फेकू नये. नव्या पाण्यात ३० पीपीएम स्टॅबिलायझर हवे आहे आणि ते वेगळे विकत घेण्याची गरज नाही. ११०० लिटरसाठी ३३ ग्रॅम सायन्युरिक आम्ल लागते आणि ते ६६ ग्रॅम डायक्लोरमध्ये असते. म्हणजे आपले रोजचे अकरा चमचे. पहिले अकरा दिवस आपण आजवर केले तेच करावे, आणि बारावा चमचा टाकू नये. टबच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने रेघा ओढल्या तरी चालतील. अकरा रेघा झाल्या की डबा बंद. पुढे टबमध्ये क्वचित कमी पडले, उदाहरणार्थ बरेच पाणी सांडले आणि वरून भरले, तरच मोजून पाहून एखादा चमचा द्यावा.

बाराव्या दिवसापासून सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला बाजारात लिक्विड क्लोरीन किंवा नुसते हायपो म्हणतात. कोरोनाच्या काळात गावोगाव फवारले तेच. त्यात स्टॅबिलायझर नाही. १० टक्क्यांचे असेल तर आपल्या टबमध्ये ११ मिलिलिटरने १ पीपीएम वाढते. ५ टक्क्यांचे असेल तर २२ मिलिलिटर लागतात. वास लावलेले किंवा दाट केलेले घरगुती ब्लीच घेऊ नये, फेस होतो. हा हिशेब कागदावर सोपा आहे, पण खानदेशात त्याला एक मोठी आडकाठी आहे ती उन्हाची. हायपो उष्णतेने बिघडते. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे विघटन तिपटीच्या आसपास वाढते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये पडलेला कॅन लेबलवर १० टक्के असतो आणि आत ५ टक्केही नसतो. म्हणून उत्पादनाची तारीख पाहून लहान कॅन घ्यावा, घराच्या सर्वात थंड खोलीत, अंधारात, हवा कोंडणार नाही अशा जागी ठेवावा. कॅनची ताकद पाहण्याची सोपी रीत अशी: टबमध्ये कोणी बसणार नसेल तेव्हा आधी क्लोरीन मोजावे, ३३ मिलिलिटर हायपो टाकून पंप चालवावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. वाढ ३ पीपीएमच्या जवळ असेल तर माल ताजा आहे. दीडच असेल तर ताकद निम्मी आहे, मात्रा दुप्पट करावी आणि पुढच्या वेळी दुकान बदलावे.

किती टाकायचे हे दिवसावर ठरवू नये, माणसांवर ठरवावे. एक माणूस गरम पाण्यात एक तास बसला की ७ ते ९ ग्रॅम क्लोरीनचे काम मागे ठेवून जातो, असा माझा कामापुरता ठोकताळा आहे. आपण पतीपत्नी अर्धा-अर्धा तास बसत असाल तर तो एक माणूस-तास झाला. उठल्यावर १० टक्के हायपो ८० मिलिलिटर टाकावे, पंप चालवावा, झाकण पंधरा-वीस मिनिटे उघडे ठेवावे आणि मग लावावे. दुसऱ्या दिवशी २ ते ३ पीपीएम उरलेले असावे. आता आपल्याकडची हिवाळ्यातली भरीत पार्टी डोळ्यांसमोर आणा. रात्री शेतावर वांगी भाजली गेली, कळण्याच्या भाकरी झाल्या आणि पाच जण तासभर टबमध्ये बसले. पाच माणूस-तास म्हणजे ४० ग्रॅम क्लोरीन. आपला एक चमचा डायक्लोर साडेतीन ग्रॅमही देत नाही. आपल्या पाण्याचा दुधाळपणा नेमका अशा एखाद्या रात्रीनंतर सुरू झाला असेल, तर मला नवल वाटणार नाही. अशा रात्रीनंतर ४०० मिलिलिटर हायपो एकदम न ओतता रात्री निम्मे आणि क्लोरीन मोजून सकाळी उरलेले द्यावे. (जेवून लगेच बसू नये, मद्य घेऊन तर नाहीच, गर्भवतींनी आणि हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ४० अंशांच्या पाण्यात उतरू नये.)

बसण्याआधी सर्वांनी अंग धुवावे. थंडीत आपण अंगाला तिळाचे तेल लावतो, केसांना खोबरेल असते; ते पाण्यात गेले की क्लोरीनचा मोठा वाटा तेच खाते आणि गाळणी चिकट होते. साबण लावून कोमट पाण्याने एक बादलीभर आंघोळ केली, तर हायपोचा खर्च निम्म्यावर येतो हे मी अनेक घरी पाहिले आहे.

आठवड्यातून एकदा, कोणी बसले नसेल अशा दिवशी, सायंकाळी क्लोरीन मोजून चोवीस तासांनी पुन्हा मोजावे. ३० पीपीएम स्टॅबिलायझर आणि झाकलेला टब असेल तर सुमारे पाव भाग कमी होणे नेहमीचे आहे. निम्म्याहून जास्त उडाले तर पाण्यात किंवा पाइपमध्ये काहीतरी क्लोरीन खात आहे. अशा वेळी १० पीपीएमपर्यंत चढवून, झाकण उघडे ठेवून, पंप चालवून घट पुन्हा पाव भागावर येईपर्यंत क्लोरीन तेवढेच धरून ठेवावे. टबला ओझोनचे यंत्र असेल तर घट थोडी जास्त दिसते, तेवढे लक्षात घ्यावे.

दोन पर्याय आपल्याला हमखास सुचवले जातील, ते मी का टाळतो ते सांगतो. पहिला म्हणजे ट्रायक्लोरच्या गोळ्या, बाजारात टीसीसीए ९० नावाने मिळतात. तरंगत्या डबीत ठेवल्या की आठवडाभर पाहावे लागत नाही, म्हणून लोकांना आवडतात. त्यातही सायन्युरिक आम्ल आहे. १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम ते साचते, डायक्लोरमध्ये ९. शिवाय ट्रायक्लोर फार आम्लधर्मी आहे आणि टबच्या थोड्या, गरम पाण्यात हीटर आणि सील कुरतडते. मोठ्या तलावासाठी ठीक, टबसाठी नाही. दुसरा पर्याय म्हणजे ग्रामपंचायतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. स्वस्त आहे, स्टॅबिलायझर नाही, पण चुना भरपूर आहे. नुसती वरची निवळी टबमध्ये घातली तरी तिच्याबरोबर कॅल्शियम पाण्यात येतेच, आणि आपल्या कठीण पाण्यात ते हीटरचाच बळी घेते.

साठवणीबद्दल मी जरा कठोर आहे. आपल्या शेतघरी पंपाची खोली, खतांचे कोठार आणि टबची रसायने एकाच छताखाली असतील, तर आजच वेगळी करावीत. कोणतेही क्लोरीन युरिया, अमोनियम सल्फेट यांच्या गोण्यांजवळ किंवा डिझेल-तेलाजवळ ठेवू नये. ठिबकसाठी आणलेले ॲसिड आणि हायपो एकमेकांत सांडले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. ट्रायक्लोर किंवा डायक्लोर आणि टीसीएल पावडर एकाच चमच्याने, एकाच बादलीत कधीही हाताळू नये; ओलावा मिळाला की मिश्रण पेट घेऊ शकते, त्याचा स्फोटही होऊ शकतो. रसायन नेहमी पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. ॲसिड आणि क्लोरीन एकाच वेळी टाकू नयेत. मध्ये किमान अर्धा तास पंप चालू द्यावा.

हायपोवर चालणाऱ्या टबमध्ये स्टॅबिलायझर वाढत नाही, तरी पाणी कायमचे टिकत नाही. मीठ आणि विरघळलेला मळ साचतच जातो. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला झऱ्याचे गरम पाणी गोमुखातून येते आणि वाहून जाते. आपल्या टबचे पाणी जागचे हलत नाही. दोन माणसे रोज बसत असतील तर ११०० लिटरचे पाणी दीड महिन्याच्या आसपास बदलावे; कमी बसत असाल तर तीन महिन्यांपर्यंत ताणता येते. मार्चच्या मध्यानंतर आपल्याकडे गरम पाण्यात बसावेसे कोणाला वाटत नाही आणि बंद टबमधील पाणी उन्हाने तापून नको त्या गोष्टी वाढवते. त्या वेळी टब कोरडा करून, पाइपमधील पाणी हवेने बाहेर काढून, गाळणी वाळवून ठेवावी आणि दिवाळीला नव्याने अकरा रेघांपासून सुरुवात करावी.

आत्ता काढाल ते पाणी केळीला देऊ नये. केळीला क्षार आणि क्लोराइड सोसत नाहीत. विहिरीच्या काठाशी किंवा नाल्यातही सोडू नये. झाकण काढून टब उन्हात राहू द्यावा. स्टॅबिलायझरमुळे या पाण्यातील क्लोरीन लवकर जाणार नाही, चार-पाच दिवस लागू शकतात, त्या काळात मुलांना जवळ येऊ देऊ नये. चाचणीत क्लोरीन शून्य आले की हे पाणी बांधावरच्या निंबाला किंवा रस्त्याकडेच्या बाभळींना थोडे थोडे करून सोडावे, आणि रिकाम्या टबमध्ये नवीन पाणी भरण्यापूर्वी बोअरच्या पाण्याचा एक पेला कठीणता तपासण्यासाठी वेगळा काढून ठेवावा.